थायरॉईड, पीसीओएस आणि सोनोग्राफीत निघालेले फॅटी लिव्हर: यांचा संबंध किती?

गिरणाकाठची | ८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी पाचोरा तालुक्यात शिक्षिका आहे. वय ३६, उंची १५३ सेंटिमीटर आणि वजन ६१ किलो. दुसऱ्या बाळंतपणानंतर थायरॉईड कमी असल्याचे निदान झाले, तेव्हापासून ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू आहे. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयांचा संप्रेरकांचा बिघाड, तर कॉलेजात असल्यापासून आहे. गेल्या महिन्यात पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली, तेव्हा अंडाशयांच्या वर्णनाखाली 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' अशी एक ओळ आली. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "आजकाल सगळ्यांनाच असते, तेलकट कमी खा." तेवढ्यावर तो विषय संपला.

माझे मन मात्र त्या ओळीपाशीच अडकले आहे. थायरॉईडसाठी मी एका डॉक्टरांकडे जाते, पाळीसाठी दुसऱ्यांकडे, आणि यकृताकडे पाहणारे कोणीच नाही. हे तीन वेगवेगळे आजार आहेत की एकाच आजाराची तीन तोंडे आहेत? थायरॉईड आटोक्यात आल्यावर यकृतातील चरबी आपोआप जाते का? आणि यकृत खरोखर बिघडले आहे की नाही, हे कोणत्या तपासणीने कळते? ज्यांनी हे भोगले आहे किंवा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चोपडेकर_अण्णा | ८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ताई, तुम्हाला निदान 'तेलकट कमी खा' एवढे तरी सांगितले. माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्याच्या रिपोर्टात हाच शब्द आला तेव्हा सोयरिकीतल्या चार माणसांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले. आमच्याकडे लिव्हर बिघडले म्हणजे दारूच, हे समीकरण पक्के बसले आहे. वहिनींनी दोन महिने हा रिपोर्ट माहेरी सांगितला नव्हता.

डॉ_पांझरा | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

मी धुळे जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करतो. गिरणाकाठची ताईंचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. येथे लिहिलेले कोणी स्वतःचे औषध ठरवण्यासाठी वापरू नये, एवढी विनंती आहे.

आधी अण्णांच्या मुद्द्याबद्दल. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही दारूसारखीच चरबी आणि सूज दिसते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग या विकृतिशास्त्रज्ञाने १९८० साली नाव देऊन मांडले. तेव्हापासून हा आजार 'नॉन-अल्कोहोलिक' या नकारार्थी नावाने ओळखला जात होता. हा आजार कशामुळे होत नाही, एवढेच त्या नावात होते. २०२३ मध्ये जगातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी ते बदलून चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेले नाव स्वीकारले, त्याचे लघुरूप 'एमएएसएलडी' असे आहे. नावातून दारू गेली, हे अण्णांच्या भावासारख्या माणसांसाठी चांगलेच झाले.

आता मूळ प्रश्न. जेवणानंतर वाढणारे इन्शुलिन चरबीच्या पेशींना साठा धरून ठेवायला लावते. पीसीओएसमध्ये शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे हा बांध सैल होतो आणि चरबीतील आम्ले रक्तातून यकृताकडे वाहत राहतात. प्रतिसाद मिळत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते. हे जादा इन्शुलिन यकृताला साखरेपासून नवी चरबी तयार करायला लावते आणि अंडाशयांना अधिक पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते. शिवाय ही संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे 'एसएचबीजी' हे प्रथिन यकृतच तयार करते, आणि चरबीने भरलेले, इन्शुलिनने दबलेले यकृत ते कमी प्रमाणात करते. म्हणजे मोकळे फिरणारे टेस्टोस्टेरॉन वाढते आणि हनुवटीवरील केस, मुरुमे, पाळीची अनियमितता यांत भर पडते. सोनोग्राफीत अंडाशय आणि यकृत यांच्याबद्दल दोन वेगळ्या ओळी आल्या असल्या, तरी त्या दोघांत अशी सतत देवाणघेवाण चालू असते.

थायरॉईडचे संप्रेरक यकृताच्या पेशींना चरबी जाळायला आणि कोलेस्टेरॉल उचलून घ्यायला सांगते. ते कमी पडले की जाळणे मंदावते आणि ट्रायग्लिसराईड ही चरबी साठत जाते. म्हणून तुमचे तीन आजार तीन वेगळ्या गावांचे नाहीत.

तपासणीबद्दल रात्री लिहितो, आता ओपीडीची वेळ झाली.

शहाद्याची_लेक | ९ फेब्रुवारी, दुपारी १.०५

डॉक्टरांनी थायरॉईडबद्दल लिहिले ते वाचून मला माझ्या मावशीबद्दल लिहावेसे वाटले. तिच्या बाबतीत सगळ्यांची नजर चुकीच्या ठिकाणी राहिली.

मावशीचे तिसरे बाळंतपण पंचवीसेक वर्षांपूर्वी गावात घरीच झाले आणि त्यात अतोनात रक्तस्राव झाला. ती वाचली, पण बाळाला पाजण्यासाठी तिला दूध आलेच नाही आणि पाळी पुन्हा कधी सुरू झाली नाही. लोक म्हणाले, बाळंतपणाने अंग खाल्ले. पुढची वीस वर्षे ती मे महिन्याच्या उन्हातही गोधडी घेऊन बसायची, भुवयांचे केस विरळ झाले आणि जरा ताप आला की ती बेशुद्ध पडायची. मधल्या काळात दोनदा थायरॉईडची तपासणी झाली, पण फक्त टीएसएच, म्हणजे पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी थायरॉईडला चालवण्यासाठी सोडते ते संप्रेरक, पाहिले गेले आणि ते नॉर्मल आल्याने विषय मिटला. शेवटी सोडियम फार खाली गेल्यामुळे तिला दवाखान्यात भरती केले, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाची हकिकत विचारली. त्याआधी कोणी ती विचारलीच नव्हती. मेंदूच्या एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीची जागा जवळजवळ रिकामी होती. बाळंतपणातील रक्तस्रावाने ही ग्रंथी निकामी होते, त्या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात.

त्याच भरतीत सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले. मावशीचे वजन ५० किलोसुद्धा नव्हते, साखरही नव्हती, त्यामुळे आम्हाला ते खरे वाटेना. डॉक्टरीणबाईंनी समजावले की पिट्युटरी बंद पडली की वाढीचे संप्रेरकही थांबते आणि ते नसले की पोटात व यकृतात चरबी साठते. थायरॉईड आणि स्त्रीसंप्रेरकांचा अभाव त्यात भर घालतो. फायब्रोस्कॅन या यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीत तिचा आकडा १४ किलोपास्कल निघाला. हे सगळे अंगात चालू असताना ती वीस वर्षे शेतात निंदणी करत होती, हे आठवले की आजही माझ्या पोटात कालवते.

डॉ_पांझरा | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

शहाद्याची लेक, आपण फार महत्त्वाचे लिहिले. त्यातील दोन गोष्टी सर्वांनी लक्षात ठेवाव्यात. पिट्युटरी बिघडलेली असेल तर टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसू शकते, म्हणून तेथे फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक, पाहावेच लागते. आणि अशा रुग्णाला थायरॉईडची गोळी देण्याआधी कॉर्टिसॉल या शरीरातील नैसर्गिक स्टेरॉईडची उणीव भरून काढावी लागते. हा क्रम उलटा झाला तर रुग्णाचा रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. बाळंतपणात मोठा रक्तस्राव, त्यानंतर दूध न येणे आणि पाळी बंद होणे या तीन गोष्टी ज्या घरात घडल्या असतील, त्यांनी त्या डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

आता तपासणी. सोनोग्राफीतील ग्रेड १, २, ३ हा चरबीचा अंदाज आहे. पुढे काय होणार हे चरबीपेक्षा यकृतात व्रणासारखे तंतू किती तयार झाले, म्हणजे फायब्रोसिस किती आहे, यावर ठरते आणि साधी सोनोग्राफी सुरुवातीचे फायब्रोसिस दाखवू शकत नाही. म्हणून ग्रेड १ असूनही यकृत कडक झालेले असू शकते आणि ग्रेड ३ असूनही ते मऊ राहिलेले असू शकते.

पहिली चाळणी जवळजवळ फुकट आहे. तिला फिब-४ म्हणतात. त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी हे रक्तातील यकृताच्या तपासणीचे दोन आकडे लागतात. वयाला एसजीओटीने गुणा. मग प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागा. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ पेक्षा जास्त आले तर तज्ज्ञांकडे जावे आणि मधले आले तर फायब्रोस्कॅन करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. ३५ वर्षांखालील व्यक्तींमध्ये हे गणित फारसे विश्वासार्ह नाही. त्यामुळे पीसीओएस असलेल्या तरुण मुलींच्या बाबतीत केवळ त्यावर विसंबू नये.

गिरणाकाठची | ९ फेब्रुवारी, रात्री १०.२०

माझ्या रिपोर्टात एसजीओटी ४१, एसजीपीटी ५८ आणि प्लेटलेट २ लाख ४० हजार आहेत. ३६ गुणिले ४१ म्हणजे १४७६. ५८ चे वर्गमूळ ७.६२, त्याला २४० ने गुणले की साधारण १८२९. भागाकार ०.८१ आला. वर्गात मुलांना वर्गमूळ शिकवते, पण त्याचा उपयोग स्वतःच्या यकृतासाठी होईल असे कधी मनात आले नव्हते. डॉक्टरसाहेब, आज खूप दिवसांनी शांत झोप लागेल.

डॉ_पांझरा | ९ फेब्रुवारी, रात्री १०.३५

०.८१ चांगले आहे. तरीही एसजीपीटी ५८ हे वाढलेलेच आहे. हिपॅटायटिस बी आणि सी, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड या तपासण्या करून घ्या. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २६ येतो. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानतात, स्त्रियांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांची ९० आहे.

साक्री_आरोग्यसेविका | १० फेब्रुवारी, सकाळी ८.१०

कमरेच्या मापाबद्दल एक भर घालते. गावातील आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचे माप असते. अनेक बायका साडीवरून माप घेऊ देतात, काही ते घेऊच देत नाहीत आणि मग अंदाजाने आकडा पडतो. कृपया हे माप नीट घेऊ द्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे, त्यामुळे आपल्या आरोग्य केंद्रात याबद्दल विचारणे हा तुमचा हक्क आहे. आमच्याकडे फायब्रोस्कॅन नाही, पण फिब-४ साठी लागणाऱ्या रक्ताच्या तपासण्यांबद्दल तालुक्याच्या ठिकाणी विचारता येते.

सडपातळ_अमळनेर | १० फेब्रुवारी, दुपारी १२.४५

माझा बीएमआय २१ आहे आणि तरीही मला ग्रेड २ आहे. मला पीसीओएस आहे. "तुम्हाला कसे काय?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की रिपोर्ट दाखवण्याचीही लाज वाटू लागली.

डॉ_पांझरा | १० फेब्रुवारी, दुपारी ३.२०

लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण, बहुतांश गरीब आणि सडपातळ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर आढळले. आपल्या लोकांच्या शरीरात कमी वजनावरही पोटाच्या आत चरबी साठते आणि स्नायू तुलनेने कमी असतात. तुम्ही वजन काट्यावर फार न कमी करता कमरेचे माप आणि स्नायूंची ताकद यांकडे लक्ष द्यावे.

सातपुडा_वनराई | १० फेब्रुवारी, सायंकाळी ७.००

आपण सगळे गोळ्या आणि मशीन यांबद्दलच बोलत आहोत. आमच्या आजोबांच्या काळी कावीळ झाली तरी झाडपाल्यावर माणसे बरी होत. गुळवेल, भुईआवळा आणि कुटकी यांचा काढा सहा महिने घेतल्यास यकृत स्वच्छ होते, असा आमच्या भागातील अनुभव आहे. आपल्या मातीत उगवणारे औषध सोडून परक्या गोळ्यांमागे का धावावे?

औषधाचे_दुकान_पारोळा | १० फेब्रुवारी, रात्री ८.५०

जिभाऊ, आपल्या भावनेचा आदर करून लिहितो. माझ्या घरातच घडलेली गोष्ट आहे. माझ्या बहिणीला थायरॉईड आहे. तिने 'थायरॉईड मुळापासून घालवणारा' काढा चार महिने घेतला आणि पाचव्या महिन्यात डोळे पिवळे झाले. एसजीपीटी नऊशेच्या वर गेले होते. काढा बंद केल्यावर ते उतरले, पण आई तीन आठवडे जेवली नव्हती.

गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी काही रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण होते आणि काहींमध्ये स्वतःच्याच पेशींवर प्रतिकारशक्ती हल्ला करते त्या प्रकारची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांना आक्षेप घेतला, हेही सांगायला हवे. पण थायरॉईड कमी असणाऱ्या अनेकांचा आजार मुळात त्याच प्रकारचा, म्हणजे हाशिमोटोचा असतो. अशा माणसाने प्रतिकारशक्ती चेतवणारे काही घेण्याआधी दहादा विचार करावा, असे मला दुकानात उभे राहून रोज वाटते.

सातपुडा_वनराई | १० फेब्रुवारी, रात्री ९.४०

आपल्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटले. माझे मत मी पूर्ण बदलत नाही, पण थायरॉईड असलेल्यांनी तपासणीशिवाय काढा घेऊ नये हे मान्य करतो. माझ्या पत्नीलाही थायरॉईड आहे, तिचा काढा आजपासून थांबवला आहे आणि लिव्हरची तपासणी करायला सांगितली आहे.

रावेर_केळीबाग | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.२५

आहाराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो. फॅटी लिव्हर म्हटले की लोक सर्वांत आधी केळी बंद करतात. माझ्या घरी केळीची बाग आहे आणि पत्नीला पीसीओएस आहे. घरात घडाच्या घड असताना तिने एकही केळे खायचे नाही, हे योग्य आहे का?

आहारतज्ज्ञ_जळगाव | ११ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

दादा, केळे पूर्ण बंद करण्याची गरज नसते. एका मध्यम केळ्यात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे ते पोळीसारखे जेवणाच्या हिशेबात धरायचे असते. भरपेट जेवणानंतर वर दोन केळी, किंवा शिकरण आणि पोळी, हे इन्शुलिनला जड जाते. न्याहारीला एक केळे आणि सोबत मूठभर शेंगदाणे किंवा ताक घेतले तर हरकत नाही. यकृतासाठी त्याहून अधिक घातक आहेत ती गोड पेये. थंड पेयांच्या बाटल्या, पाकिटातील रस आणि दिवसातून चारदा घेतलेला दोन-दोन चमचे साखरेचा चहा यांतील फ्रुक्टोज या साखरेचे बहुतांश काम यकृतातच होते आणि त्याची चरबी सहज बनते.

आपल्या खानदेशी जेवणात यकृताला मानवणारे पदार्थ भरपूर आहेत. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत उडीद मिसळल्याने प्रथिने वाढतात आणि पोट लवकर भरते. फुणके वाफवलेल्या डाळीचे असतात, सोबत कढी असली की उत्तम जेवण होते. भरताच्या वांग्यात दोष नाही, दोष आहे तो वर ओतलेल्या वाटीभर तेलात आणि सोबतच्या सहा पुऱ्यांत. भरीत आणि कळण्याची भाकरी असे ताट मी रुग्णांना मुद्दाम सांगते. शेवभाजी मात्र तळलेली शेव आणि वर तर्री अशी दुहेरी असते, ती महिन्यातून एखाद्या वेळी ठेवावी. वरण-बट्टीचेही तेच, तुपात बुडवलेल्या चार बट्ट्यांऐवजी भाजलेली एक बट्टी आणि भरपूर वरण घ्यावे.

बिनसाखरेच्या कॉफीबद्दल अनेक निरीक्षणे चांगली आहेत, नियमित पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळते. पण थायरॉईडची गोळी घेतल्यावर किमान अर्धा ते एक तास काही खाऊपिऊ नये, कॉफी आणि चहासुद्धा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे.

गिरणाकाठची | ११ फेब्रुवारी, दुपारी २.१५

मी गोळी घेतल्यावर पाच मिनिटांत चहा घेते आणि कॅल्शियमही सकाळीच घेते. गेली सहा वर्षे असेच चालले आहे आणि हे मला कोणीही सांगितले नव्हते.

निवृत्त_शिक्षक_एरंडोल | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ५.३०

पुरुषांनीही हा धागा वाचावा असे वाटते. माझे गुडघे दुखत म्हणून मी दोन वर्षे एका ठिकाणाहून नाव नसलेल्या पुड्या आणत होतो. दुखणे जादूसारखे थांबायचे. पण चेहरा गोल झाला, पोट सुटले, हातपाय काड्यांसारखे झाले, साखर वाढली आणि यकृतात चरबी निघाली. त्या पुड्यांत स्टेरॉईड असावे असे डॉक्टरांनी लक्षणांवरून ओळखले, कारण बाहेरून सतत स्टेरॉईड घेतल्यास कुशिंगच्या, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार वाढल्याने होणाऱ्या, आजारासारखे चित्र तयार होते. घाबरून मी पुड्या एकदम बंद करणार होतो, पण त्यांनी हात धरून थांबवले. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल दबलेले असते, म्हणून डोस टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो. मला त्याला सात महिने लागले.

भुसावळ_जंक्शन | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.००

माझी पाळी ४९ व्या वर्षी थांबली आणि दोन वर्षांत फॅटी लिव्हर आले. आधीच्या सगळ्या सोनोग्राफी स्वच्छ होत्या. इस्ट्रोजेन गेल्याने असे होते का?

डॉ_पांझरा | १२ फेब्रुवारी, दुपारी २.४०

हो, इस्ट्रोजेनचे यकृताला काही प्रमाणात संरक्षण असते आणि रजोनिवृत्तीनंतर चरबी नितंबांऐवजी पोटात साठू लागते. केवळ यकृतासाठी मात्र इस्ट्रोजेन सुरू करत नाहीत. एरंडोलच्या सरांना माझा नमस्कार, आपण लिहिलेत म्हणून कोणाच्या तरी पुड्या थांबतील.

पुण्याला_असलेला_खानदेशी | १२ फेब्रुवारी, रात्री ११.१०

मी वाचले की अमेरिकेत फॅटी लिव्हरवर थायरॉईडसारखे काम करणारे औषध निघाले आहे. मग थायरॉईडची गोळीच थोडी जास्त घेतली तर चालणार नाही का?

डॉ_पांझरा | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

कृपया असे कोणीही करू नये. थायरॉईड संप्रेरकाला शरीरात मुख्यतः दोन प्रकारचे ग्राहक, म्हणजे पेशींतील त्याचा संदेश घेणारे रेणू, असतात. यकृतात बीटा प्रकार अधिक, तर हृदय आणि हाडांत अल्फा प्रकार अधिक असतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रेस्मेटिरॉम हे औषध मुख्यतः यकृतातील बीटा ग्राहकाला चालना देते. थायरॉक्सिनची गोळी दोन्हींना देते. ती गरजेपेक्षा जास्त घेतली तर हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे सेमाग्लुटाईडलाही यासाठी मान्यता मिळाली. ही दोन्ही औषधे मध्यम ते प्रगत फायब्रोसिस असलेल्या, पण सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी पूर्ण कडक होणे, न झालेल्या रुग्णांसाठी आहेत. फिब-४ ०.८१ असणाऱ्यांना त्यांची गरज नाही.

गिरणाकाठची ताईंनी विचारले होते की थायरॉईड नीट झाले की चरबी जाते का. थायरॉईडची उणीव मोठी असेल तर ती भरून काढल्याने नक्की मदत होते, पण सोबत पीसीओएस असेल तर तेवढ्याने भागत नाही. पीसीओएससाठी दिले जाणारे मेटफॉर्मिन साखर आणि पाळीला उपयोगी असले तरी यकृतातील फायब्रोसिस सुधारते असे सिद्ध झालेले नाही. वजन जास्त असेल तर ५ टक्के घटल्यावर चरबी उतरू लागते, ७ ते १० टक्क्यांवर सूज कमी होते आणि १० टक्क्यांच्या पुढे फायब्रोसिसही मागे हटू शकते. तुमच्यासाठी ५ टक्के म्हणजे अवघे तीन किलो.

शहाद्याची_लेक | १३ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

मावशीला आता हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरणारी गोळी) आणि त्यानंतर थायरॉक्सिन सुरू आहे. वाढीचे संप्रेरक महाग असल्याने आम्ही ते देऊ शकलो नाही. तरी ती आता पंख्याखाली झोपते, हे आमच्यासाठी मोठे आहे.

गिरणाकाठची | १७ मे, रात्री ९.०५

तीन महिन्यांनी परत आले आहे. वजन ५७ किलो झाले, म्हणजे साडेसहा टक्के घटले. एसजीपीटी ५८ वरून ३६ वर आले. एचबीए१सी ५.९ निघाले, म्हणजे साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती आणि ते मला कधीच कळले नसते. फायब्रोस्कॅन ५.२ किलोपास्कल आला. गोळी आता पहाटे पाचला घेते आणि कॅल्शियम रात्री. त्यामुळे त्याच ७५ च्या डोसवर टीएसएच ६.८ वरून २.९ झाले. उन्हामुळे चालणे पहाटेच होते, सोबत गल्लीतल्या आणखी दोघी येतात. आखाजीला पुरणपोळी खाल्ली, आमरसही घेतला, एक वाटी. चार महिन्यांत तीनदा पाळी वेळेवर आली आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मी सगळे रिपोर्ट एकाच वहीत लावून दोन्ही डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनी पहिल्यांदाच एकमेकांना फोन केला.

सडपातळ_अमळनेर | १७ मे, रात्री ९.४५

ताई, वाचून डोळे भरून आले. मीही कंबर तीन सेंटिमीटरने कमी केली आहे.

नवा_सदस्य_यावल | १९ मे, रात्री १०.५०

पूर्ण धागा आज वाचला आणि लगेच आईचे रिपोर्ट काढले. तिचे वय ५८, थायरॉईड पंधरा वर्षांपासून, मधुमेह आठ वर्षांपासून. सोनोग्राफीत ग्रेड १ लिहिलेले आहे, म्हणून आम्ही कधी लक्ष दिले नाही. एसजीओटी ६२, एसजीपीटी ४८, प्लेटलेट १ लाख ३० हजार. गणित केले तर ३.९९ येते. माझे काही चुकते आहे का?

डॉ_पांझरा | १९ मे, रात्री ११.१०

आपले गणित बरोबर आहे. २.६७ च्या बरेच वर असल्याने वाट पाहू नका. प्लेटलेट कमी असणे आणि एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त असणे, ही दोन्ही चिन्हे यकृत कडक झाल्याकडे बोट दाखवतात. चरबी कमी दिसण्याचे कारणही तेच असू शकते, कारण सिरोसिसकडे जाताना चरबी उलट कमी होत जाते. याच आठवड्यात यकृततज्ज्ञांची वेळ घ्या. फायब्रोस्कॅनसोबत अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी लागेल का, हे त्यांना विचारा. वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर त्याबद्दल डॉक्टरांशी बोलेपर्यंत त्या टाळा. काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर तातडीने दवाखान्यात न्या.

नवा_सदस्य_यावल | २० मे, सकाळी ७.३०

गुरुवारची वेळ मिळाली आहे. आई गुडघ्यासाठी रोज एक वेदनाशामक गोळी घेत होती, ती काल रात्रीच काढून ठेवली. जुने रिपोर्ट २०१७ पर्यंतचे सापडले, त्यांतील प्लेटलेट एका कागदावर ओळीने लिहून नेतो आहे: २ लाख २०, १ लाख ९०, १ लाख ६०, १ लाख ३०.